पाच घरं, एक डिस्क

माझ्या धाकट्या दिराबद्दल, गोकुळबद्दल, चांगलं बोलायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी कळत नाही, आणि वाईट बोलायचं म्हटलं तर थांबावं कुठे हे कळत नाही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तो बारावीला दुसऱ्यांदा बसला होता आणि अभ्यास सोडून जगातलं दुसरं काहीही करत होता. माझ्यासोबत माहेरहून, मंचरहून, एक मिक्सर आला होता. अंगावरची हळद उतरायच्या आत या पठ्ठ्यानं तो उघडला. का, तर आत काय आहे ते बघायला. बघून झाल्यावर जोडला, तर झाकण लावलं की बंद आणि झाकण काढलं की सुरू. सासरी मी पहिल्यांदा वाटलेली चटणी अर्धी भिंतीवर गेली. "वैनी, चालू तर झाला ना," म्हणाला आणि जेवायला बसला.

पुढे त्यानं टोमॅटो केला. त्या वर्षी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला कुणी विचारेना. मग कोंबड्या पाळल्या, त्या बिबट्याला आवडल्या. शेवटी जुन्नरला जाऊन कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला आणि ओतूरला एसटी स्टँडच्या मागे दुकान टाकलं. दुकान म्हणजे अर्धं शटर. उरलेल्या अर्ध्यात सलून. बोर्डावर 'गोकुळ इन्फोटेक' एवढं मोठं लिहिलं की सलूनवाल्याच्या वाट्याला नुसतं 'जेन्ट्स' आलं. दाढीला आलेला माणूस बसल्या बसल्या कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकायचा आणि दोन्हीकडून सारखाच भादरून निघायचा.

हार्ड डिस्क हा त्याचा खास जिव्हाळा. मेलेली डिस्क हाती आली की तिचे स्क्रू काढून ती ओट्यावर मांडून बसायचा. आतली चकचकीत तबकडी खिळ्याला टांगून तीत बघून दाढी करायचा. आतलं लोहचुंबक त्यानं दोरीला बांधून मला दिलं होतं, गुरांच्या पेंडीतले खिळे काढायला. आमच्या घरात हार्ड डिस्कचे एवढेच दोन उपयोग सिद्ध झाले होते.

दुकान टाकण्यामागे खरं कारण लग्न होतं. आमच्या भागात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हे आता शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी स्वतः शेतकऱ्याशी लग्न केलंय, त्यामुळे मुलींना दोष देणार नाही. गोकुळ पस्तिशीला टेकला होता. 'मुलगा काय करतो' याला 'कांदा करतो' असं उत्तर दिलं की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठत. 'स्वतःचं आयटीचं आहे' म्हटल्यापासून चहा तरी पूर्ण प्यायला लागले होते.

आता विहिरीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. आमच्या वस्तीत पाच घरं, सगळी एकाच भावकीची. विहीर सामाईक, मोटर सामाईक. पाण्याची पाळी वारानं लागते. आमच्याकडे तिला बारी म्हणतात. कुणाला एक वार, कुणाला दोन. गुरुवार कुशाकाकींचा. आमच्यात नाती तुटतात, बांध कोरले जातात, कोर्टात तारखा पडतात, पण दुसऱ्याच्या बारीत कुणी पाट फोडून पाणी आपल्या रानात घेत नाही. बांध कोरणारा आमच्यात हुशार समजला जातो. बारी फोडणाऱ्याच्या घरचं पाणीही कुणी पीत नाही. आणि कुणाकडे कार्य असलं, पाहुणे यायचे असले, तर ज्याची बारी असेल तो न मागता आपलं पाणी त्या घराकडे वळवून मोकळा होतो. त्याचे आभार कुणी मानत नाही, आणि देणाराही कधी बोलून दाखवत नाही.

बिबट्यानं चांगदेव तात्यांच्या ओट्यावरून कुत्रं उचललं आणि सगळ्या वस्तीला कॅमेरे हवेसे झाले. चांगदेव तात्या म्हणजे भावकीतले सर्वांत थोरले आणि सर्वांत चिक्कू. गोकुळ ओतूरला दलीचंद शेठच्या दुकानात भाव काढून आला. कॅमेरे स्वस्त होते, रेकॉर्डिंग साठवायची डिस्क महाग. शेठ म्हणाले होते, "गोकुळभाऊ, हल्ली डिस्कचा भाव रोज सकाळी विचारून घ्यावा लागतो." पाच घरांना पाच डिस्का म्हटल्यावर तात्यांनी पान थुंकलं.

"पाच इहिरी खंदल्या का आपन? मग पाच डिस्का कशाला?"

दुसऱ्या कुणी हा कंजूषपणा म्हणून सोडून दिला असता. गोकुळला त्यात विज्ञान दिसलं. त्यानं घरातली एक मेलेली डिस्क आणून तात्यांच्या मांडीवर उघडी ठेवली.

"ह्ये बघा तात्या. ह्या तबकड्या. दर तबकडीला दोन बाजू, दर बाजूला एक सुई. सुया एवढ्या, पन हात किती? एक. समद्या सुया एकाच हातावर बसवल्यात. हात फिरवायला मोटर एक, आन् आतलं भाईर आनायचा रस्ता बी एक. एका टायमाला एकच सुई लिवती. बाकीच्या गप बसत्यात."

"का? कंपनीला हात महाग पडला व्हय?"

"पडलाच ना. दर सुईला येगळा हात न् येगळा रस्ता दिला तर डिस्क कुनाला परवडंल? म्हनून एकच सामान समद्यांत वाटायचं, आन् कुनाचा नंबर कवा ते नीट लावायचं. जवळचं काम आधी, लांबचं मागनं. पन लांबच्याला लई ताटकळत ठिवायचं नाय."

"मंजी आपल्या इहिरीवानी," तात्या म्हणाले.

"तसंच. फकस्त बाऱ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलत्यात."

तात्यांनी डिस्क खाली ठेवून धोतर झटकलं. एवढी मोठी कंपनी आपल्या आज्याच्या अकलेनं चालते हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं होतं. एक पेटी आणि एक डिस्क आली, विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत बसली, आणि पाचही घरांच्या वायरी तिच्यात खोचल्या गेल्या. वायर ओळखू यावी म्हणून गोकुळनं रंगीत टेप गुंडाळला. आमची वायर तांबडी.

भांडण व्हायला आठवडा लागला नाही. डिस्क भरली की ती जुनं पुसून नवं लिहिते, आणि पुढ्यात काही हललं की लिहायला घेते. तात्यांच्या कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे. उसाचे ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, एसटी, शाळेची पोरं, सगळी वर्दळ तात्यांच्या कॅमेऱ्यात. कुशाकाकींच्या मुलाची, गोरखची, कडब्याची गंजी कुणीतरी उपसली. तो बघायला गेला तर त्या दिवसाचं सगळं पुसलेलं आणि त्या जागी तात्यांचे ट्रॅक्टर. गोरख तात्यांवर ओरडला, तात्या गोकुळवर, आणि गोरखनं जाता जाता गोकुळच्या दुकानाला भंगारचं दुकान म्हटलं. तेव्हापासून गोरख आणि गोकुळ एकमेकांशी बोलेनासे झाले.

मग भावकी बसली आणि डिस्कला वार लावले. ज्याची पाण्याची बारी, त्याचीच डिस्कची बारी. त्या दिवशी त्यानं आपली वायर पेटीत खोचायची, बाकीच्यांनी काढून ठेवायची. बाकीचे कॅमेरे नुसते भिंतीवर लुकलुकणार.

"भाऊजी," मी विचारलं, "बिबट्याला वार कळतात का?"

"वैनी, पन वायर काढलीय ते तरी त्याला कुठं कळतंय?"

तरी मी त्याला सांगून बघितलं. डिस्कच्या आत ज्याला थांबावं लागतं त्याचं काम थोड्या वेळानं का होईना होतं. आज हुकलेलं पाणी उद्या मिळतं. पण आज अंगणात जे घडून गेलं ते उद्याच्या बारीत कसं सापडणार? गोकुळनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या तबकडीवर पाय दिलाय. म्हणाला, बायामाणसांना सिस्टीम कळत नाही. मीही मग त्याच्या ताटात त्या दिवशी भाजी कमी वाढली.

वाईट याचं की माझं खरं असूनही त्याची सिस्टीम चालली. आसपासच्या वस्त्यांना ती बेहद्द आवडली. बारी म्हटल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. लोक त्याला 'बारीवाला' म्हणून ओळखायला लागले. आणि कळंबहून सोनलचं स्थळ आलं.

सोनलच्या वडिलांचं, सुदर्शनमामांचं, कळंबला खतांचं दुकान. ती मंचरला एका ऑफिसात हिशेबाचं बघायची. आम्ही मुलगी बघून आलो. दोघांना आतल्या खोलीत बोलायला सोडलं तर गोकुळ सगळा वेळ हार्ड डिस्कबद्दल बोलला. मी दाराशी होते, मला लाज वाटत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हात एकच असेल आणि तो मोडला तर?" गोकुळ म्हणाला, "मग समद्या सुया गेल्या." घरी आल्यावर म्हणाला, "वैनी, असं कुनी इचारत नाय. लोक इचारत्यात डिस्क केवढ्याला." त्याला ती मुलगी मनापासून आवडली होती. पुढचे काही दिवस तो दाढी तबकडीत न करता शेजारच्या सलूनमध्ये करत होता.

मग त्यांनी आमचं घर बघायला यायचं ठरलं. मामांचं दुकान गुरुवारी बंद म्हणून गुरुवार. सुदर्शनमामांना म्हणे जावयाचा कॅमेऱ्याचा कारभार बघायचा होता. गुरुवारी बारी कुशाकाकींची. एरवी गोकुळनं जाऊन मागितली असती, पण गोरखशी बोलणं बंद. मागितली तर नाक कापलं जाईल, म्हणाला. ठीक आहे, पेटी नुसतीच दाखवू, असं ठरलं.

पाहुणे आले. सुदर्शनमामा, मामी आणि सोनल. मुलीनं घर बघायला यावं हे तात्यांना पटलं नाही, मला फार पटलं. गाडी नवी, पांढरी, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. उन्हं चढली तशी मामांची नजर सारखी गाडीकडे जायला लागली. गोकुळ उठला. "द्या मामा चावी, चिंचंखाली लावतो." मामांनी दिली. मी आत खोबऱ्याची चटणी वाटत होते. मिक्सर नवा होता, पण आवाजाला जुन्यापेक्षा कमी नव्हता.

पोहे झाले, चहा झाला, मामांनी पत्रा कुठून आणला ते विचारलं, मामींनी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं. गोकुळ शहाण्यासारखा बसला होता. पोह्यांची ताटली देताना त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालाला शेण लागलेलं मला दिसलं. शेतकऱ्याच्या घरात शेण दिसलं तर कुणी चौकशी करत नाही. मीही केली नाही.

निघायच्या आधी मामा गाडीकडे गेले आणि तिथेच थांबले. मागच्या दारावर ओंजळभर पोचा होता, त्यावर शेण. शेजारी कुशाकाकींची गुरांची दगडी डोण, आणि डोणीपाशी त्यांचा बैल हौशा. एरवी आखूड दाव्यावर असतो, आज दावं चांगलं सैल होतं. हौशा नुसता उभा राहून रवंथ करत होता.

"बैलानं केलं असनार," गोकुळ म्हणाला. "मारकुटाच हाय तो. यात्रंत पळवून पळवून डोकं फिरलंय त्याचं."

गोरख गोठ्यातून बाहेर आला. हौशा हा त्याचा जीव. "कुनाचं डोकं फिरलंय ते बघू," म्हणाला. "लेकरं त्याच्या पोटाखालनं जात्यात. शिंग मारलं असतं तर पत्रा फाटला असता, असा दबला नसता." सुदर्शनमामांचा चेहरा उतरला होता. ते काही वेडंवाकडं बोलले नाहीत, पण मामी म्हणाल्या, "असली जनावरं दारात असल्यावर उद्या पोरीनं बाहेर कसं निघायचं?" मला तिथेच कळलं की दारासोबत लग्नालाही पोचा पडला.

कुशाकाकी आल्या. त्या चुलत्यांच्या माघारी एकटीनं सगळं रेटलेली बाई. त्यांनी पोचा बघितला, बैल बघितला, आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "गोकुळ, तुजा क्यामेरा हाय ना वर? दाखव की मग पावण्यांना. बैलानं केलं आसंल तर मी इकते त्याला."

गोकुळनं अगदी दुःखी चेहरा केला. "काकी, आज गुरुवार. बारी तुमची. आमचा कॅमेरा आज लिवत नाय."

बोलताना त्याचा आवाज इतका साधा होता की मीसुद्धा फसले. हार्ड डिस्कचा हा तिसरा उपयोग तोवर माझ्या ध्यानात आला नव्हता.

"आरं, लिवत कसा नाय?" काकी म्हणाल्या. "सकाळीच मी माजी वायर काढली न् तुमची तांबडी खोचली. तुज्याकडं पावणं येनार, म्हनलं आजचा दीस आसू दे तुला."

सगळ्यांना हायसं वाटलं. गोरखला, मामांना, तात्यांना तर सिस्टीम मिरवायला मिळणार म्हणून. एकट्या गोकुळच्या तोंडाचं पाणी पळालं. "मी चालू करतो, मग बोलावतो," म्हणाला आणि विहिरीकडे जवळजवळ पळत सुटला. मला तो रुमाल आठवला. मी त्याच्या मागे गेले.

मोटरीच्या खोलीत तो पेटीपुढे उकिडवा बसला होता. छोट्या पडद्यावर आमचं अंगण आणि चिंच.

"तुम्हीच ना?" मी विचारलं.

"व्हय. मागं घेताना डोण दिसली नाय. आपल्या पिकअपवानी समजलो."

"आणि शेण?"

"त्ये नंतर सुचलं. दावं बी मीच सैल केलं." मग त्यानं एका बटणावर बोट ठेवलं. "वैनी, ह्ये दाबलं की आजचं समदं साफ. डिस्कनं दगा दिला म्हनून सांगतो. डिस्का देत्यातच दगा. कुनाला संशय येनार नाय."

"मग दाबा की. वाट कसली बघताय?"

मी हे म्हटलं आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही. मला हे लग्न हवं होतं. मला जाऊ हवी होती. बैलावर आळ आला तर बैल काही मनाला लावून घेत नाही, आणि काकी हौशाला विकणार नाहीत हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

तो दाबत नव्हता. बोट तसंच. "वैनी, बारी काकीची हाय आज."

"माहितेय."

"न मागता दिली तिनं मला. आन् मी तिच्याच बैलावर..." मग म्हणाला, "खोटं मी रोज बोलतो. गिऱ्हाइकाला बोलतो, तुमाला बोलतो. पन दुसऱ्याच्या बारीतलं फोडायचं मंजी... आपल्यात कुनी केलंय का त्ये कधी?"

"अहो, ते पाण्याचं. हे रेकॉर्डिंग आहे."

"तिनं पानीच समजून दिलं ना."

मला राग आला. शेण फासताना या माणसाला काही वाटलं नाही, आणि आता नको तिथे बाप-आजे आठवत होते. त्यानं बोट काढलं, शर्टाला पुसलं, आणि दारात जाऊन सगळ्यांना हाक मारली.

त्या एवढ्याशा खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. पडद्यावर पांढरी गाडी मागे आली, डोणीला टेकली, थांबली. आवाज नव्हता, पण मामांनी दात आवळले ते ऐकू आल्यासारखं वाटलं. मग गोकुळ खाली उतरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. रुमालानं पोचा पुसला, जसा काही तो पुसला जाणार होता. मग गोठ्यात जाऊन ओंजळ भरून शेण आणलं आणि दारावर लिंपलं. मागे सरून बघितलं, थोडं कमी वाटलं म्हणून आणखी लावलं आणि हात रुमालाला पुसले. मग हौशाचं दावं सैल करून त्याच्या पाठीवर थाप मारली. एखाद्याला जामीन राहायला सांगताना मारतात तशी.

तात्यांना हसू आवरेना, त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. गोरख धावून गेला असता, पण समोरच्यानं स्वतःच बोलावून दाखवल्यावर मारायचं कसं हे त्याला समजेना. कुशाकाकी पडद्याच्या अगदी जवळ होत्या. "मंजी बैल नव्हता," त्या म्हणाल्या. आधी त्यांना फक्त तेवढंच कळलं, आणि त्या सुटल्यासारख्या दिसल्या. बाकीचं मग कळलं. पदर डोक्यावर घेतला आणि गोकुळकडे न बघता घरी गेल्या.

"चला," सुदर्शनमामा म्हणाले.

सोनल मागे राहिली. "पुसता आलं असतं ना?"

"आलं असतं," गोकुळ म्हणाला.

"मग?"

"बारी माजी नव्हती."

तिला यातलं काय कळलं मला माहीत नाही. तिनं मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली. दारावरचं शेण तसंच होतं. गाडी तशीच कळंबला गेली.

पुढच्या दिवसांत गोकुळचं नाव वस्तीत काय पडलं असेल ते मी लिहीत नाही. शेणाशी संबंधित होतं. गंमत म्हणजे धंदा वाढला. तात्या एसटी स्टँडवर, सोसायटीत, दिसेल त्याला सांगत सुटले, "ज्या क्यामेऱ्यानं मालकालाच धरला, त्यो माल चोख." खुद्द दलीचंद शेठनी दोन गिऱ्हाइकं पाठवली. गोकुळ वायरी ओढून यायचा, जेवायचा आणि झोपायचा. काही उघडून बघत नव्हता. तबकडी खिळ्याला तशीच टांगलेली असायची. मला त्याची दया येत होती, आणि दया आली की मला जास्तच राग येतो, म्हणून मी त्याच्याशी नीट बोलत नव्हते.

कुशाकाकींनी तर बोलणं टाकलंच होतं. समोरून गोकुळ आला की त्या वाट बदलायच्या. शेवटी एक दिवस मी त्यांच्याकडे गेले. कांद्याची पात निवडत बसल्या होत्या. मी त्यांना मोटरीच्या खोलीतलं सगळं सांगितलं. बटण, बोट, तो काय म्हणाला, आणि मी काय म्हणाले तेसुद्धा. त्यांनी पात निवडणं थांबवलं नाही. मला वाटलं, पाण्यात गेलं सगळं.

त्यानंतर एका सकाळी काकी एकट्याच एसटीत बसताना दिसल्या असं गोरख मला सांगत आला. नवं लुगडं, हातात पिशवी. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाल्या, काम हाय. दिवस कलताना परत आल्या त्या स्वतःच्या घरी न जाता आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी पाणी दिलं. गोकुळ दुकानातून नुकताच आला होता. तो आत सटकायला बघत होता.

"हितं बस," काकी म्हणाल्या. तो बसला.

"कळंबाला गेल्ते. तुज्या त्या पावण्याकडं."

गोकुळ त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हनलं, ज्या बैलावर आळ घातला त्या बैलाची मालकीन मी. दुसरं कुनी आलं आसतं तर तुमी ऐकलं नसतं, म्हनून मीच आले. पोरगं लबाड हाय. नाय आसं मी म्हनत नाय. पन बटन हातात व्हतं न् दाबलं नाय. बाकीच्या पोरांचं तुमाला काय ठावं, त्यांच्या दारात क्यामेरा नाय." काकी पाणी प्यायल्या. "मानूस चांगला हाय. चा दिला, जेवून जावा म्हनला. पन नाय म्हनतोय. म्हनला, काकी, बटन दाबलं नाय ह्ये खरं, पन शेन लावलं ह्ये बी खरं. शेन आधी लावलं."

"आणि सोनल?" मी विचारलं.

"व्हती आत. येताना फाटकापतुर आली. पिशवीत पेरू घातलं. बोलली काय नाय." मग गोकुळकडे वळून म्हणाल्या, "पोरगी चांगली व्हती रं."

गोकुळला वाटत होतं की स्थळ त्या दिवशीच गेलं. ते आज गेलं. मध्ये इतके दिवस त्यानं कुठेतरी आशा धरली होती, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि मला फार वाईट वाटलं. मग म्हणाला, "काकी, तुमी कशापायी गेला? मी तर तुमच्याच बैलावर घातलं समदं."

"माज्या बारीत झालं ना ते," काकी म्हणाल्या. "मग निस्तरायला कोन जानार? चांगदेव?"

गोकुळ हसायला गेला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. टोमॅटो गेला तेव्हा, कोंबड्या गेल्या तेव्हा, दोनदा बारावी गेली तेव्हा हा माणूस शिट्टी वाजवत फिरत होता. आता तो गुडघ्यात मान घालून पोरासारखा रडायला लागला. काकींनी त्याला उगी केलं नाही. पिशवीतला एक पेरू काढला, पदरानं पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"आता फुडलं पावणं येतील," त्या म्हणाल्या, "तवा मला आधी सांग. गाडीपाशी मी बसन. तू चावीला हात लावायचा नाय."